एकाच माणसाची दोन कृत्ये
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सदस्यांस मुळशीहून अनावृत पत्र

सन्माननीय सदस्यहो,


जुलै २०२५ मध्ये आपण महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केलेत. त्यावर सभागृहात आणि बाहेर पुष्कळ बोलले गेले. गडचिरोलीचे नाव निघाले, शहरी नक्षलवादाचे निघाले. मुळशीचे नाव कोणी घेतल्याचे माझ्या कानावर नाही. ते घ्यायला हवे होते. या विधेयकाने बेकायदा कृत्याच्या एकाच व्याख्येत ज्या दोन गोष्टी शेजारी शेजारी बसवल्या आहेत, त्या आमच्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी एकाच माणसाने, साधारण साडेतीन वर्षांच्या अंतराने केल्या होत्या. पहिलीसाठी आपण त्याला सेनापती म्हणतो. दुसरीबद्दल जयंतीच्या भाषणात सहसा कोणी बोलत नाही.

पौड सोडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलात की मुळशीचे पाणी दिसू लागते. पुण्यामुंबईची मंडळी तिथे गाड्या थांबवून फोटो काढतात, कणसे खातात. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या घरांच्या जोत्यांचे दगड उघडे पडतात. निळा आणि मुळा या नद्यांचे हे खोरे आंबेमोहोर तांदळाचे. टाटांच्या वीज कंपनीला मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज हवी होती, आणि पाणी घाटमाथ्यावरून कोकणात सोडले की वीज मिळत होती. हे पाणी आजही पुण्याकडे न येता बोगद्यातून सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात पडते. त्यापायी पन्नासच्या आसपास गावांची जमीन जायची होती. माणसे दहा हजारांवर. हाती १८९४चा भूसंपादन कायदा होता, आणि त्या कायद्याला एका खाजगी कंपनीचे काम सार्वजनिक हिताचे ठरवायला फारसे कष्ट पडत नव्हते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे बायकापोरांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले. कामावरच्या मजुरांनी हत्यारे खाली ठेवली आणि काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तिथली. पुढाऱ्यांत पांडुरंग महादेव बापट होते आणि विनायकराव भुस्कुटे होते. याच लढ्यात बापटांना लोकांनी सेनापती केले. गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना आवाहन केले की कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोला. काम काही महिने बंद राहिले, मग पुन्हा सुरू झाले, पुन्हा लोक बसले, पुन्हा पकडले गेले. बायकाही तुरुंगात गेल्या. बापटांनी दोनदा शिक्षा भोगली.

मग हळूहळू लढा आतून सुटत गेला. हा भाग आम्हा मुळशीकरांना सांगायला आवडत नाही, पण त्याशिवाय पुढचे कळत नाही. कसणारा मावळा आणि सातबाऱ्याचा मालक हे अनेक ठिकाणी वेगळे होते. पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. सावकाराला आंबेमोहोराशी काय देणेघेणे? त्याला चांगला भाव मिळत होता. त्याने नुकसानभरपाई घेतली, त्याच्या मागोमाग इतरांनीही घेतली. गांधीजींनी पुढे या लढ्यापासून हात आखडता घेतला तो याच कारणाने, आणि आणखी एका. ज्यांची जमीन जायची त्यांतल्या बहुतेकांनी पैसे घेतले आहेत, आणि ज्यांच्या हाती नेतृत्व आहे त्यांची अहिंसेवर पूर्ण निष्ठा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे कारण मुळशीत अजून अनेकांना झोंबते. पण ते खोटे नव्हते, हे लवकरच दिसले.

डिसेंबर १९२४. बापट तुरुंगातून सुटून आलेले. धरणाची भिंत वर चढत होती. मोजक्या साथीदारांना घेऊन, हातात शस्त्रे घेऊन त्यांनी बांधकामाची रेल्वे अडवली. गाडीवरची काही माणसे जखमी झाली. बापटांनी जे केले ते लपवले नाही, नाकारले नाही. शिक्षा सात वर्षांची झाली. ती त्यांनी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात भोगली आणि १९३१ मध्ये ते बाहेर आले. तोवर खोरे पाण्याखाली गेले होते.

आता आपले विधेयक काढून पाहा. बेकायदा कृत्याच्या व्याख्येत एके ठिकाणी शस्त्रे, स्फोटके आणि रेल्वे, रस्ते अशा वाहतुकीत अडथळा आहे. त्याच व्याख्येत पुढे प्रस्थापित कायदा आणि त्याच्या संस्था यांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणे किंवा तसा उपदेश करणे हेही आहे. पहिले डिसेंबर १९२४ आहे. दुसरे एप्रिल १९२१ आहे. बेकायदा ठरवलेल्या संघटनेच्या अशा कृत्याला शिक्षा सात वर्षांपर्यंत. इंग्रजांच्या न्यायालयाने सेनापतींना दिली तेवढीच.

आपण म्हणाल, हा कायदा कडव्या डाव्या संघटनांपुरता आहे, रामनवमीला शेतात बसणाऱ्यांसाठी नाही. मान्य, हेतू तसा असेल. पण १९२१च्या पुणे जिल्ह्याच्या कलेक्टरला विचारले असते तर बापटांना त्याने कोणत्या रकान्यात टाकले असते? एडिंबरोला शिष्यवृत्तीवर गेलेला, लंडनच्या इंडिया हाउसमध्ये वावरलेला, पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या आणलेला, अलीपूर बॉम्ब खटल्याच्या काळात भूमिगत झालेला माणूस. अशा माणसाच्या संघटनेला कडवी म्हणायला कोणत्याही सरकारला दोन मिनिटे पुरतील. आणि तरी १९२१ मध्ये हाच माणूस मावळ्यांना घेऊन निःशस्त्र बसला होता.

हिंसेच्या नीतीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते. रेघ कायदा पाळणे आणि मोडणे यांच्यामध्ये ओढायची नाही. ती दुसऱ्या माणसाच्या अंगापाशी ओढायची. बापट १९२१ मध्ये रेघेच्या अलीकडे होते, कायदा मोडूनही. १९२४ मध्ये पलीकडे गेले. पण ते पलीकडे गेले ते का, आणि त्यांच्या बाजूने जे म्हणता येते ते किती वजनाचे आहे, हे प्रामाणिकपणे तपासले पाहिजे, कारण चळवळीतले पुष्कळ तरुण आजही तोच युक्तिवाद करतात.

बापट शुद्ध सत्याग्रहाची कल्पना मांडत. त्यांच्या लेखी कसोटी हिंसा की अहिंसा ही नव्हती. आपल्याला जे सत्य वाटते त्यासाठी आपला प्राण पणाला लावला की नाही, ही होती. यात काही खोटे नाही, आणि ढोंग तर मुळीच नाही. गल्लीतल्या अंधारातून बॉम्ब टाकून नाहीसा होणारा आणि तोंड उघडे ठेवून शिक्षेला उभा राहणारा, यांत फरक आहेच. मुझफ्फरपूरला ३० एप्रिल १९०८ रोजी खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेल्या बॉम्बने केनेडी नावाच्या मायलेकी मेल्या. तो बॉम्ब बनवणारे हेमचंद्र दास पॅरिसमध्ये बापटांचे सहाध्यायी. ती बातमी बापटांना किती लागली असेल याची कल्पना करता येते. पुण्यातही गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडबरोबर आयर्स्टलाही गोळी घातली आणि तो मेला. प्लेगच्या जुलमाचा राग त्याच्यावर नव्हता, तो मागच्या बग्गीत होता एवढेच. चापेकरांचे धैर्य अफाट, त्यांची आठवण ठेवलीच पाहिजे. पण आयर्स्टचे नाव घेताना आपण जरा पुटपुटतो, ते का?

स्वतः मरायची तयारी असणे ही फार मोठी गोष्ट आहे. तिने माणूस थोर होतो. तिने दुसऱ्याच्या देहावर हक्क मात्र येत नाही. मुळशीच्या त्या गाडीवर टाटा नव्हते. मुंबईच्या कचेरीत सही करणारे नव्हते, भूसंपादनाचा हुकूम काढणारा साहेबही नव्हता. गाडीवर होते ते पोटासाठी आलेले लोक. रामनवमीच्या दिवशी ज्यांनी हत्यारे खाली ठेवली त्यांच्याच जातकुळीचे. १९२१ मध्ये मजूर सत्याग्रह्यांच्या बाजूला आला, १९२४ मध्ये त्याच्यावर शस्त्र रोखले गेले. बापटांना जी शिक्षा भोगायची होती ती त्यांनी निवडली होती. गाडीवरच्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

आणि मावळ्याला तरी कोणी विचारले होते? डिसेंबर १९२४ मध्ये बहुतेकांनी भरपाई उचललेली होती. लढा हरला होता. ज्यांच्या नावाने शस्त्र उचलले त्यांनी ते मागितले नव्हते, आणि त्या शस्त्राने त्यांचे एक वावरही वाचणार नव्हते. चळवळीतले मित्र म्हणतात, अहिंसा हरली म्हणून शस्त्र आले. मुळशीत शस्त्र आले तेव्हा लढाई संपलेली होती. ते एका थोर, संतापलेल्या माणसाचे उत्तर होते, पण मावळ्यांचे नव्हते. मला सेनापतींबद्दल जो आदर आहे तो या वाक्याने कमी होत नाही. पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारा, मुलाच्या बारशाला अस्पृश्य मानलेल्यांची पंगत आधी बसवणारा माणूस दुसरा कोण होता त्या काळात?

हिंसेच्या बाजूने महाराष्ट्रात सर्वांत जड उदाहरण शोधायचे तर ते मुळशीचे नाही, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, गावगुंडांच्या आणि फितुरांच्या तळपायांवर काठ्या पडल्या. तिथे फरक असा की गावे त्यांना वर्षानुवर्षे भाकरी आणि आसरा देत होती. ते गावाशी बांधलेले होते, गाव कधीही दार लावू शकत होते. तरीही तळपायांवर मारण्याच्या, म्हणजे पत्री मारण्याच्या, शिक्षेत सगळे न्याय्यच होते असे तिथले जुने लोकही म्हणणार नाहीत. मी प्रतिसरकारला दोषी ठरवत नाही. परक्या सत्तेखाली, दाद मागायला जागा नसताना काय क्षम्य आणि काय नाही, हे आरामखुर्चीत बसून ठरवणे सोपे असते. एवढे मात्र दिसते की हिंसेचा थोडाफार बचाव करता येतो तो तेव्हाच, जेव्हा तिची झळ ज्यांना लागणार ते लोक तिला आवरू शकतात.

गडचिरोलीत माओवाद्यांच्या हिंसेत नेमके हेच नव्हते. खबरी म्हणून गावासमोर मारल्या गेलेल्या आदिवासीला कोणते अपील होते? १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक मारले गेले. चालक, म्हणजे पुन्हा गाडीवरचा माणूस. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती नावाने ओळखला जाणारा माओवादी नेता साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवून उभा राहिला. इतक्या वर्षांत ज्यांच्यासाठी म्हणून हे चालले, त्या गावांची जमीन आणि जंगल किती वाचले, हा हिशेब त्यांच्याकडून मागायला हवा, आणि चळवळीतल्या आम्हीच तो मागायला हवा. सरकारने मागितला की तो वेगळाच होतो.

कारण आपल्याकडेही हिशेब आहे, सदस्यहो. आमच्या शेजारच्या मावळ तालुक्यात, बऊर येथे, ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंदिस्त जलवाहिनीविरुद्ध शेतकऱ्यांनी द्रुतगती महामार्ग अडवला. दगडफेक झाली. पोलिसांनी गोळी झाडली, तिघे मेले, त्यात एक बाई. त्यानंतर जलवाहिनीचे काम वर्षानुवर्षे थांबले. आमच्या भागातल्या पोरांनी त्यातून काय धडा घेतला असेल? अर्ज दिले, मोर्चे काढले, निवेदने दिली, कोणी ऐकले नाही. माणसे मेली तेव्हा ऐकले. हा धडा त्यांना कोणत्या माओवाद्याने दिला नाही. तो राज्याने दिला. हिंसेची नीती चळवळीलाच शिकवायची आणि गोळी झाडणाऱ्याला चौकशी आयोग द्यायचा, असे करून चालत नाही. १८९४च्या कायद्याने मुळशीत रक्ताचा थेंब न सांडता जे केले, तेही एक प्रकारे दुसऱ्याच्या देहावर हात टाकणेच होते. भात पिकवणाऱ्याचे शेत काढून घेऊन त्याला मोलमजुरीला लावणे, हे कागदावर होते म्हणून सौम्य होत नाही.

आपल्या राज्यात ज्यांनी काही मिळवले ते कसे मिळवले, हेही पाहावे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, देशात पहिल्यांदा. तो काही आकाशातून पडला नाही. बाबा आढाव, दत्ता देशमुख यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांना घेऊन केलेल्या परिषदा, मोर्चे, अटका त्याच्यामागे आहेत. पुढे कोयना आणि कृष्णा खोऱ्यात श्रमिक मुक्ती दलाने भारत पाटणकरांच्या पुढाकाराने महिनोन्महिने ठिय्या दिले. नर्मदेच्या काठी मणिबेलीत लोक चढत्या पाण्यात उभे राहिले. शेवटी २०१३ मध्ये १८९४चा कायदाच गेला, आणि खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के लोकांची संमती लागेल असे ठरले. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये हेच मागितले होते: आम्हाला विचारा. बाराशे माणसांच्या बसण्याला ब्याण्णव वर्षांनी कायद्यात जागा मिळाली. त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करा असे सांगत होता. ते सांगणे बंद केले असते तर हा कायदाही झाला नसता.

आणि महाड. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावरून परतणाऱ्या लोकांना सवर्णांच्या जमावाने गावात गाठून मारले. बाबासाहेबांच्या माणसांत फौजेतून आलेले कितीतरी होते, ते नुसता इशारा मिळायची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो दिला नाही. मार खाल्लेल्या माणसाला हात आवरायला सांगणे सोपे नसते, आणि ते सांगायचा अधिकार मारणाऱ्याला तर नाहीच, बघ्यालाही नाही. तो बाबासाहेबांना होता, कारण अपमान त्यांचाही होता. चळवळीत हिंसा आवरायची तर ती तिथूनच आवरता येते. आत उभ्या असलेल्या माणसाला, त्याच्या लोकांसमोर, हा मार्ग अजून उघडा आहे असे दाखवता आले पाहिजे.

आपले विधेयक नेमके तोच मार्ग बुजवते, अशी माझी तक्रार आहे. उद्या मुळशीत, मावळात, कोकणात बारसूला किंवा आणखी कुठे एखादी पोरगी गावकऱ्यांना सांगत असेल की सर्वेक्षणाला विरोध करा, खुंटे उपटा, बसून राहा, तुरुंगात जावे लागले तर जाऊ. आणि शेजारी बसलेला पोरगा म्हणत असेल की बसून काय होणार, बंदूक लागते. त्या वादात पोरगी जिंकली पाहिजे. पण पोराच्या हाती आपण एक मुद्दा दिला आहे: शिक्षा तर दोघांनाही सारखीच. अवज्ञेचा उपदेश आणि पिस्तूल यांना एका कलमात बसवले की अहिंसेच्या बाजूने बोलणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. पोलिसांना ते सोयीचे असेल. चळवळीतल्या शहाण्या माणसाला ते सोयीचे नाही, आणि राज्याला शेवटी त्याचीच गरज लागणार आहे.

सेनापतींची गोष्ट १९२४ वर संपत नाही, हेही ध्यानात घ्यावे. मे १९५५ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते नानासाहेब गोरे यांच्यासह सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पलीकडे पोर्तुगीजांच्या बंदुका होत्या. यांच्या हातात काही नव्हते. पॅरिसला बॉम्बची विद्या शिकून आलेला, मुळशीत गाडी अडवलेला तो म्हातारा माणूस रिकाम्या हाताने सीमेपार गेला. १९२४च्या कृत्याचा त्यांना पश्चात्ताप झाला होता असे मी म्हणत नाही, तसा दावा करायला आधार लागतो. त्यांनी काय केले तेवढे मी सांगतो. आपल्या व्याख्येत मात्र या तिन्ही गोष्टींत फरक नाही. गोव्यात शिरणे हीही कायद्याची अवज्ञाच होती, फक्त सालाझारच्या.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणा. अवज्ञेचा उपदेश आणि प्रोत्साहन हे शब्द त्या व्याख्येतून काढा. व्याख्येत राहू द्या ते दुसऱ्याच्या देहाला इजा करणारे, शस्त्र उचलणारे, स्फोटके ठेवणारे. त्यांना शिक्षा करा, आमची हरकत नाही. आणि पोलिसांनी जमावावर गोळी झाडली तर ठरलेल्या मुदतीत न्यायालयीन चौकशी आणि तिचा अहवाल सभागृहासमोर, हेही त्याच दुरुस्तीत लिहा.

आम्हीही एक करू. १६ एप्रिलला इथे दरवर्षी सत्याग्रहाची आठवण निघते. यापुढे तिथे डिसेंबर १९२४ बद्दलही बोलायचे, गाडीवरच्या जखमी माणसांसकट, असे मी इथल्या मंडळींना सुचवणार आहे. काहींना ते पटणार नाही. आपल्यापैकी कोणी त्या दिवशी आलात तर दोन्ही बाजूंनी बोलायला जागा आहे. येताना दुरुस्तीचा मसुदा आणलात तर उत्तम.

आपला,
एक मुळशीकर